वडसा म्हणा की देसाईगंज

दसरा उलटला, धान पिवळं पडायला लागलं, की पूर्व विदर्भातल्या गावोगावची मंडळी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाची वाट धरतात. चार-पाच तरुण, सोबत गावातला एखादा जाणता माणूस, खिशात इसाराचे पैसे आणि डोक्यात एक तारीख. त्या तारखेला गावची मंडई, म्हणजे जत्रा, असते आणि मंडईच्या रात्री नाटक व्हायलाच हवं. वडशात झाडीपट्टीच्या नाटक मंडळांची कार्यालयं आहेत. हंगामात त्यांच्या दारांवर, भिंतींवर, रस्त्याच्या कडेला मोठमोठे रंगीत फलक लागतात. वर नाटकाचं ठसठशीत नाव, मध्ये कलावंतांचे चेहरे, खाली मोबाइल नंबर. गावकरी एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरतात. नायिका कोण, विनोदी नट कोण, मागच्या साली शेजारच्या गावात कुणाचं नाटक रंगलं, तारीख मोकळी आहे का, भाव किती. सौदा ठरला की इसार देऊन मंडळी परतीची गाडी गाठतात.

गिऱ्हाइकानं शोधावं आणि धंदेवाल्यानं सापडावं, याची ही इथली रीत. ती गूगलच्या कितीतरी आधीची आहे. आज चंद्रपूर-गडचिरोलीतला दुकानदार ‘मोबाइलवर शोधलं की माझं दुकान का दिसत नाही’ असं विचारतो, तेव्हा तो या मुलखाचा जुनाच प्रश्न नव्या शब्दांत विचारतो आहे. जंगल, नद्या आणि लांबलचक अंतरं यांच्यामधून माणसानं माणसापर्यंत पोचायचं कसं, याचं उत्तर इथल्या प्रत्येक पिढीला नव्यानं शोधावं लागलं.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख मिळून चंद्रपूर हा एकच जिल्हा होता. त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला. एकट्या गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि २०११च्या जनगणनेत माणसं जेमतेम पावणेअकरा लाख. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाखाली. इतक्या विरळ वस्तीत रोज दुकान उघडून बसणं कुणाला परवडणार? म्हणून दुकानच चालत गेलं. आज या गावी, उद्या त्या गावी, अशी बाजारांची साखळी तयार झाली. व्यापारी बैलगाडीनं, पुढे सायकलनं, मग जीपनं त्या साखळीवर फिरत राहिले. आठवड्याचा वार हाच दुकानाचा पत्ता झाला. बाजारात जागाही ठरलेल्या. कापडाची ओळ एकीकडे, बांगड्यांची दुसरीकडे, मीठ-मिरची पलीकडे, बुरुडांच्या टोपल्या आणि सुपं कडेच्या झाडाखाली. जंगलातून पहाटे निघालेल्या बाईला कुणाला विचारावं लागत नसे. वार ठाऊक, ओळ ठाऊक, माणूस ठाऊक. भामरागडच्या बाजूला तर पैशाशिवायही बाजार चालायचा. चारोळी, डिंक, मध देऊन माडिया आदिवासी मीठ घेऊन जायचा. त्या अदलाबदलीत किती लूट झाली, हे चारोळीचा शहरातला भाव पाहिला की कळतं. माल कुठे विकत घेतात हे एकाच व्यापाऱ्याला ठाऊक असलं आणि विकणाऱ्याला ठाऊक नसलं, की काय होतं, त्याचा हा धडा या मुलखानं फार महाग शिकला.

गावात काही नवं विकायला आलं, वसुलीचा दिवस ठरला, जनावर हरवलं, की कोतवाल डफडं वाजवत फिरायचा. दवंडीला विदर्भात मुनादी म्हणतात. मुनादीची हद्द आवाज पोचेल तेवढीच. तिच्या पलीकडची बातमी बाजारकरी, सोयरे आणि यात्रेकरू नेत.

यात्रा म्हटली की चंद्रपूरची महाकाली. राणी हिराईनं बांधवून घेतलेल्या या देवळाला चैत्रात मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते. नांदेड-परभणीकडची माणसं झरपट नदीत स्नान करून दर्शनाला जातात, आणि जाताना कुंकू, बांगड्या, देवीचे टाक, लेकरांची खेळणी घेऊन जातात. वर्षातून एकदाच भेटणारं हे गिऱ्हाईक पुढच्या चैत्रात त्याच दुकानाशी परत येतं, कारण त्याला खूण आठवते. आणि खुणा द्यायला चंद्रपूरसारखं शहर नाही. गोंड राजांनी शहराभोवती बांधलेला परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा. त्याला चार दरवाजे: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. शिवाय खिडक्या: बागड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, मसाण खिडकी. आजही शहरात कुणी दुकानाचा पत्ता सांगताना घर क्रमांक सांगत नाही. ‘जटपुरा गेटच्या आत’ किंवा ‘बाहेर’ एवढं म्हटलं की पुरतं. राजे गेले, भोसले गेले, इंग्रज गेले, आणि परकोटाच्या कमानी पत्ता सांगायच्या कामाला राहिल्या. शहरातल्या तुकूम या वस्तीच्या नावातही इतिहास आहे. तळं बांधून जमीन ओलिताखाली आणणाऱ्याला गोंड राजवटीत जी जमीन मिळे, तिला तुकूम म्हणत. चंद्रपूर-गडचिरोलीत तुकूम, चक, माल, रीठ अशी शेपटं लागलेली गावं पावलोपावली भेटतात. एकाच नावाची दोन-तीन गावं असली की हे शेपूटच त्यांना वेगळं करतं.

मग आगगाडी आली आणि नावांचा घोळ सुरू झाला.

वर्धा ते वरोरा हा लोहमार्ग १८७०च्या दशकात कोळसा आणि कापसासाठी टाकला गेला. पुढे तो दक्षिणेकडे सरकला आणि १९२९ साली बल्लारपूर ते काझीपेठ हा दुवा पुरा झाला. गोंदियाहून येणारी छोट्या रुळांची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांद्यापर्यंत पोचली. रेल्वेनं स्थानकांना जी नावं दिली ती तिच्या फलकांवर आणि तिकिटांवर कायमची बसली. गावं मात्र बदलत राहिली. चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी गोंदियाच्या मार्गावरचं स्थानक चांदा फोर्टच राहिलं. कागद कारखान्याचं गाव बल्लारपूर, स्थानक बल्लारशाह. जैन यात्रेकरूंचं गाव भद्रावती, स्थानक भांदक. आणि गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षं बाहेरच्या जगाशी जोडणारं एकमेव रेल्वे स्थानक वडसा, तर तालुक्याचं आणि नगर परिषदेचं नाव देसाईगंज.

रेल्वेनं येणारा माणूस वडसा म्हणतो, सरकारी कागद घेऊन येणारा देसाईगंज म्हणतो. गावात राहणाऱ्याला दोन्ही नावं एकच. पण परक्याला आणि यंत्राला ते सांगावं लागतं. पन्नास वर्षांपूर्वी हे काम स्थानकाबाहेरचा टांगेवाला करायचा. आता ते दुकानदारानं स्वतः करायचं आहे, आणि तिथेच गाडी अडते.

वडशाच्या नाटकवाल्यांकडे पुन्हा वळू, कारण सापडण्याची कला या भागात त्यांच्याइतकी कुणी जोपासलेली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत दंडार, खडी गंमत, डाहाका ही लोकनाट्यं पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्यांच्याच मातीतून आजचं झाडीपट्टीचं नाटक उगवलं. भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. लेकी-जावई, सोयरे, मित्र सगळे त्या दिवशी येतात, सोयरिकी जुळतात. पुढे शंकरपट भरतात, बैलजोड्या धावतात. त्या प्रत्येक रात्री गावात नाटक. मोकळ्या शेतात माती उकरून उतरती बैठक करायची, म्हणजे मागच्यालाही रंगमंच दिसतो. वाद्यवृंद मंचापुढे बसतो. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो आणि उजाडायला लागल्यावर पडतो. होळीपर्यंत हे चालतं.

एका मंडळाचं नाव कसं होतं, हे या रात्रीतून कळतं. नाटक संपतं तेव्हा तिथे पाच-दहा गावांचे पाहुणे असतात. सकाळी चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर, परतीच्या गाडीत नाटकाचा निकाल लागतो. गाणं कसं झालं, खलनायकानं कसा भाव खाल्ला, विनोद रटाळ झाला की रंगला. दुपारपर्यंत तो निकाल त्या पाच-दहा गावांत पोचलेला असतो, आणि पुढच्या वर्षी त्यातली दोन गावं वडशात येऊन त्याच मंडळाचं दार ठोठावतात. फलक कितीही मोठा लावा, हा निकाल विकत घेता येत नाही. ज्यांनी तो वर्षानुवर्षं कमावला त्यांपैकी एक डॉ. परशुराम खुणे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचा हा शेतकरी-कलावंत, पाच हजारांहून अधिक प्रयोग करणारा. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीच्या लोकांना झाडीपट्टी कुठे आहे हे शोधावं लागलं. झाडीपट्टीला ते आधीपासूनच सापडलेले होते.

या धंद्यानं झटकेही खाल्ले. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, शंकरपट थांबले, आणि पटाच्या रात्री ठरलेली नाटकंही अडचणीत आली. महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ला. त्याआधीच्या वर्षी कोरोनानं हंगाम उद्ध्वस्त केला होता. गर्दी जमवणं हाच ज्याचा धंदा, त्याला गर्दीचीच मनाई. तरी मंडळं उभी राहिली, कारण गावांना त्यांचे नंबर पाठ होते आणि त्यांना गावांच्या तारखा.

नंबरांचा काळ सुरू झाला तो पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओ बूथपासून. त्याआधी दूरध्वनी खात्याची जाडजूड पुस्तिका असे आणि तिच्यात वर्णानुक्रमे मालकांची नावं. दुकानाचं नाव ठाऊक आहे पण मालकाचं नाही, असा माणूस त्या पुस्तिकेपुढे हतबल व्हायचा. १९९६ साली मुंबईत जस्टडायल सुरू झालं ते नेमकी ही अडचण हेरून: धंदा सांगा, भाग सांगा, नंबर घ्या. पण ही सोय शहरांची होती. आरमोरीचा कोसा विकणारा किंवा मूल गावचा सायकल दुरुस्त करणारा त्या यादीत असण्याचं कारण नव्हतं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि टॉवर पोचला त्या प्रत्येक गावात नकाशा हातात आला. त्याआधी दोन वर्षं, २०१४ साली, गूगलनं दुकानदारांसाठी ‘माय बिझनेस’ ही फुकट नोंद सुरू केली होती. २०२१पासून तिचं नाव ‘बिझनेस प्रोफाइल’.

या नोंदींत कोण वर दिसतं? गूगलनं स्वतःच तीन कसोट्या सांगितल्या आहेत. माणूस जे शोधतो आहे त्याच्याशी धंदा किती जुळतो, तो माणसापासून किती जवळ आहे, आणि लोकांत त्याचं नाव किती आहे. बाजारातल्या बाईला हे नवं वाटणार नाही. कापडाची ओळ कोणती, आपल्या गावाहून बाजार किती कोसांवर, आणि कोणता कापडवाला माप मारत नाही, हेच ती बघत आली आहे. पैसे भरून या यादीत वरचा नंबर मिळत नाही, हेही गूगलनं स्पष्ट सांगितलं आहे. ‘पहिल्या नंबरवर आणून देतो’ म्हणत छोट्या दुकानदारांकडून हजारो रुपये घेणारे फोन या जिल्ह्यांतही येतात. त्यांना सरळ नाही म्हणावं.

पैशानं होत नाही ते नावानं होतं, आणि इथे दोन नावांचा प्रश्न परत येतो. वडशातल्या एखाद्या मिठाईवाल्यानं नोंद करताना पत्त्यात फक्त देसाईगंज लिहिलं, तर रेल्वेनं उतरलेला माणूस ‘वडसा मिठाई’ असं टाकून शोधतो. यंत्राला कधी दोन्ही एकच आहेत हे उमगतं, कधी नाही. त्यात रोमन लिपीची भर. वडसा कुणी ‘डब्ल्यू’नं लिहितं, कुणी ‘व्ही’नं. ताडोब्याच्या वेशीवरचं गाव देवनागरीतच कुठे मोहर्ली, कुठे मोहुर्ली. म्हणून काही जण दुकानाच्या नावातच सगळी गावं कोंबतात. तसं केलं तर नियमभंग ठरून नोंदच बंद पडू शकते, कारण नाव तेच हवं जे दुकानाच्या पाटीवर आहे. दुसऱ्या नावाची जागा वर्णनात असते. तिथे साडेसातशे अक्षरं लिहिता येतात. ‘वडसा (देसाईगंज) रेल्वे स्थानकासमोर’ एवढं वाक्य त्यात सहज मावतं, तरी बहुतेकांची ती जागा कोरीच असते. पाटीचा देवनागरी अक्षरं स्वच्छ दिसतील असा फोटो टाकणं हेही तितकंच सोपं काम. चंद्रपूरच्या दुकानदारानं तर ‘जटपुरा गेटच्या आत’ लिहिलंच पाहिजे. गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या त्याच शब्दांनी पत्ता विचारत आलं आहे.

धंद्याचा शब्दही गिऱ्हाइकाच्या तोंडचा हवा. चिचपल्लीला २०१४ साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं, त्यातून अनेक बायकांच्या हाताला काम आलं. त्यांचा माल ‘बांबू हस्तकला’ या नावानं मांडला जातो. पण घरासाठी खरेदी करणारी बाई सूप शोधते, टोपली शोधते, चटई शोधते. तिचे शब्द नोंदीत नसले तर बुरुडाची शंभर वर्षांची कारागिरी तिच्या फोनवर येतच नाही.

ताडोब्यात हा प्रश्न सगळ्यात उघडा दिसतो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं आणि १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झालेलं हे जंगल. तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे, वाघाशी झुंजताना तो पडला असं लोक सांगतात, आणि त्याच्याच नावावरून जंगलाला नाव पडलं. जंगलात जायला दरवाजे अनेक: मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी, पांगडी. चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली जवळ, नागपूरहून चिमूरमार्गे येणाऱ्याला कोलारा. पर्यटक मात्र फोनवर ‘ताडोबा’ एवढाच शब्द टाकतो, आणि ज्याच्या नावात ताडोबा आहे असं मोठं रिसॉर्ट आधी दिसतं. सफारी कोलाऱ्याची आणि खोली मोहर्लीची, अशी फसगत झालेली कुटुंबं पहाटेच्या अंधारात रस्ता विचारत फिरतात. त्याच वेळी दरवाज्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गावातल्या एखाद्या घरी दोन स्वच्छ खोल्या आणि चुलीवरची भाकरी तयार असते. त्या घरमालकानं आपल्या नोंदीत दरवाज्याचं नाव लिहिलं, मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं हे लिहिलं, तर तो त्या कुटुंबाचा दिवस वाचवतो आणि आपला धंदाही करतो. अशा घरांना क्रमांक नसतो, गल्लीला नाव नसतं. त्यांच्यासाठी नकाशात ‘प्लस कोड’ ही सोय आहे. अक्षांश-रेखांशावरून तयार झालेली काही अक्षरं आणि अंक फोनवर पाठवले की पाहुणा थेट अंगणात येतो.

दक्षिण गडचिरोलीची गोष्ट अजून मागची आहे. वांगेतुरी-गर्देवाडा-गट्टा-अहेरी या रस्त्यानं एसटी बस पहिल्यांदा धावली १ जानेवारी २०२५ला. नक्षलवाद्यांनी जाळलेले मोबाइल टॉवर, पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरानं तुटणारं भामरागड, यांमुळे तिथे आठवडी बाजार हाच अजून सगळ्यात भरवशाचा आहे. सिरोंच्यात पाट्या मराठीत तशा तेलुगूतही असतात, कारण प्राणहिता-गोदावरीपलीकडचं गिऱ्हाईक तेलुगू बोलतं. मुलचेऱ्याकडे बंगाली कानावर पडते, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागड-एटापल्लीत माडिया. सिरोंच्याच्या दुकानदाराला दोन लिप्यांत पाटी लिहायला कुणी शिकवलं नाही, ते त्याला नदीनं शिकवलं. नोंदही त्यानं त्याच हिशेबानं दोन भाषांत भरावी.

हे लिहिण्याचं कारण एवढंच, की जो आपलं नाव स्वतः लिहीत नाही त्याचं नाव दुसरा लिहितो, आणि बहुधा चुकीचं लिहितो. नकाशावर या दोन जिल्ह्यांत चुकलेल्या खुणा, अर्धवट नावं आणि बंद पडलेले नंबर पुष्कळ आहेत. ते दुरुस्त करायला दुकानाचा मालक असावं लागत नाही. खुणेवर बोट ठेवलं की बदल सुचवण्याची सोय कुणालाही मिळते आणि काम पाच मिनिटांचं आहे. यंदा मंडईला गावी जाल, रात्रभर नाटक बघाल, सकाळी टपरीवर चहा घ्याल, तेव्हा फोन काढून त्या टपरीची खूण तपासा. नाव चुकलं असेल तर पाटीवर आहे तसं देवनागरीत लिहून पाठवा. आणि मालकाची नोंद असेल तर वर्णनात गावाची दोन्ही नावं आहेत ना, हे त्याच्यासोबत बसून बघा.